शनिवार कोण संपवतं?

बाई,

तुम्हाला जाऊन आज सहा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर संशयच घेऊन राहिले आहे. रडू येतं, नाही असं नाही. पण रडता रडता मध्येच थांबते आणि मनाशी म्हणते, थांब सुनंदा, हे बाईंनी मुद्दाम तर केलं नसेल? ही खोड तुम्हीच लावलीत मला. आता ऐका.

गुरुवारी तुमच्या नेहरू नगरच्या घरी भेटायला गेले होते. साहेबांनी, म्हणजे तुमच्या यजमानांनी, आतून एक गाठोडं आणून माझ्यापुढं ठेवलं. तुमची ती निळ्या काठाची जुनी साडी, आत सगळ्या वह्या. "हे तुझं आहे असं सांगून ठेवलं होतं तिनं," म्हणाले. एवढ्या दुःखाच्या घरात बसून माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? यात कोणती वही नसेल? बाईंनी कोणती आधीच काढून ठेवली असेल? चार वर्षं आपण दोघी धड बोललो नव्हतो. चार वर्षं न बोललेल्या माणसाला कोणी आपल्या वह्या कावून देईल?

पाहा, "का" लिहायचं तर आमचं कावून लिहिलं. तुम्ही असता तर लाल रेघ मारली असती.

शाळेत सगळे तुम्हाला मॅडम म्हणत. मी नवीन लागले तेव्हा पहिल्याच दिवशी माझ्या तोंडून "बाई" निघालं, आणि त्या सगळ्या हिंदी गलबल्यात तुम्ही गर्रकन मागे वळलात. इतिहासाच्या तुम्ही सीनियर, मी ज्युनियर. माझा बाप भिलाईच्या पोलाद कारखान्यात कोक ओव्हनवर, गाव भंडाऱ्याकडचं, धानाची शेती सोडून आलेली आम्ही माणसं. तुम्ही नागपूरच्या, साहेबांच्या घरातल्या. तुमच्या टेबलाशी बसायची मला भीतीच वाटायची. त्या दिवशी काहीतरी बोलायचं म्हणून मी बोलले, "आमच्या बाजूच्या क्वार्टरमंधी एक ख्रिश्चन आजी राहतात."

"कोणी सांगितलं?" तुम्ही वर न बघता विचारलं.

"सगळेच म्हणतात."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांग."

मी म्हटलं, आजींचं नाव रिबेका हाये ना बाई, मुलाचं सामसन. तुम्ही विचारलं, चर्चमध्ये जातात का? नाही. नाताळ करतात का? मी म्हटलं, "आम्ही लहानपणी दरवर्षी केक मागाले जायचो. त्या केक नाही द्यायच्या, गोड पोहे द्यायच्या."

तुम्ही पेन खाली ठेवलं. "नारळ घातलेले? वर फळं?"

"हो."

"आणि दाराच्या चौकटीला उजवीकडं काही ठोकलेलं आहे?"

होतं की! बोटभर नळी होती, तिरपी ठोकलेली. माझे बाबा म्हणायचे, विजेचं काही असेल. तुम्ही त्याच संध्याकाळी माझ्यासोबत सेक्टर दहाला आलात, आणि त्या नळीकडं अशा पाहत उभ्या राहिलात की माझी आई घाबरली. मला कानात म्हणे, "कावं, तुह्या बाईले बरं नाही का?"

तुमचं बालपण वडिलांच्या नोकरीपायी अलिबागेकडं गेलं होतं. तिथं तुमच्या शेजारी बेने इस्रायल, कोकणातले मराठी यहुदी; त्यांच्या दारांवर अशीच नळी, आत प्रार्थनेचा कागद. शनिवारी, आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत, त्यांना काम नाही, विस्तव नाही; तेलाचा घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. त्यांच्या घरातलं रोजचं जगणं, काय शिजवतात, कशी दिवाबत्ती करतात, कसे रडतात, हे तुम्ही वर्षानुवर्षं पत्रं पाठवून गोळा करत होतात. आणि इथं, मध्य प्रदेशात, लोखंडाच्या गावात, माझ्या घराच्या भिंतीला भिंत लावून त्यांच्यातलं एक घर निघालं. त्या दिवशी तुम्ही मला शिकवायला घेतलं. माझ्यासाठी घेतलं की माझ्या भिंतीसाठी, हा संशय मला तेव्हापासूनचा आहे.

शिकवणं तुमचं कठीण होतं. वहीत तीन रकाने: पाहिलं, ऐकलं, वाटलं. एकच प्रश्न उन्हाळ्यात विचारायचा, पावसाळ्यात विचारायचा, हिवाळ्यात विचारायचा, आणि मागचं उत्तर बघायचं नाही. "माणूस खोटं बोलत नाही गं," तुम्ही म्हणायच्या, "माणूस आपल्याला खूश करतो. ते जास्त वाईट." रिबेकाआजी आपल्याला खूप खूश करायच्या. तुम्हाला पाहिलं की त्यांना सगळे सणवार आठवायचे. तुम्ही ते सगळं "ऐकलं" मध्ये टाकायच्या. "वाटलं" हा तिसरा रकाना तुमच्या वहीत मी कधी भरलेला पाहिला नाही. माझ्या वहीत मात्र तोच आधी भरायचा, आणि तुम्ही त्यावर रेघ ओढायच्या.

आणि मग तो शनिवार. तुम्हाला माहीत आहे मी कोणता म्हणते ते.

दुपारी आजींच्या भावाच्या घरून तार आली, मुंबईहून. सामसनभाऊंनी वाचून दाखवली. आजींचा भाऊ वारला होता. सामसनभाऊंची दुपारपाळी, त्यांना जावंच लागलं, म्हणून आईनं मला पाठवलं, जा, बुढीजवळ बस. मी गेले तर आजी अंगणात खुर्ची टाकून बसलेल्या, डोळे कोरडे. मी रडायला लागले तर मलाच दटावलं. "शनवारी रडू नये गो बाय. चांदण्या निघू देत. मग काय ते रडायचं."

चांदण्या! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाहीत. आणि वर भिलाईचं आभाळ. प्लांटात स्लॅग, भट्टीतला तापलेला मळ, ओतलं की संध्याकाळ झाली की नाही तेच कळत नाही, मावळलेला दिवस परत लाल होतो. घड्याळ त्या मानत नव्हत्या. म्हणायच्या, घड्याळ माणसाचं, शनवार देवाचा. मी बसून राहिले. तेव्हा मी पाहिलं, बाई, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आजी वर पाहतच नव्हत्या. त्या भिंतीपलीकडं, आमच्या अंगणाकडं तोंड करून होत्या. माझ्या आईनं तुळशीपाशी दिवा लावला, त्यांना तेवढा उजेड कळला, आणि त्या उठल्या. शनिवार संपला की हुंगतात तसा कुंडीतला सब्जा तोडून हुंगला, आत गेल्या, स्टोव्ह पेटवला, आणि मग जो हंबरडा फोडला तो मला आजही ऐकू येतो.

सोमवारी मी पळत तुमच्याकडं आले. माझं पहिलं स्वतःचं काहीतरी होतं ते. रिबेकाआजींचा शनिवार माझ्या आईच्या दिव्यानं संपतो! तुम्ही शांतपणे विचारलं, "किती वाजले होते?"

आता बोला! बाई, एक म्हातारी भावासाठी रडून राहिली होती, आणि मी घड्याळ पाहणार होते?

तुम्ही म्हणालात, "साक्षीदार घरचा आहे. तुझीच आई, तूच पाहणारी. आणि तुझी आई तरी दिवा कशावरून लावते? विचारलंस?" मी नव्हतं विचारलं. आईला काय विचारायचं असतं? तुम्ही माझं वाक्य खोडलंत. माझ्यासमोर, सरळ पट्टी लावून.

त्यावरही मी गप्प बसले असते. पण पंधरा दिवसांनी आई सांगते, "तुह्या बाई आल्या होत्या शनवारी. तू नव्हती तवा. मले इचारत होत्या, दिवा कवा लावता, कायच्यावरून लावता." माझं डोकंच फिरलं. माझी तपासणी, आणि तीही माझ्याच आईकडं जाऊन! "मंग तू काय सांगतलं?" तर आई म्हणे, "काय सांगू? रिबेकाबाई आंगणात येऊन आभायाकडं पाहाले लागल्या का मी समजतो, सांज झाली. मंग लावतो."

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये, सगळ्यांच्या देखत, तुम्ही मला म्हणालात, "ऐक सुनंदा, मजा. ती हिच्याकडं बघून उठते, ही तिच्याकडं बघून दिवा लावते. दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघून सूर्य मावळवतात!" आणि हसलात. तुम्ही हसलात म्हणून सगळे हसले. पीटीच्या सरांनी तर टेबलावर थाप मारली.

माझी आई शाळेत गेलेली नाही, बाई. धान कांडून, शेण सारवून ती भिलाईला आली. तिच्या दिव्यावर तुमची स्टाफरूम हसली. त्या दिवशी मी ठरवलं, वझलवार बाईंना, म्हणजे तुम्हाला, आमच्यासारख्यांकडून फक्त भिंत पाहिजे होती, ती मिळाली. तुमचा लेख छापून आला तेव्हा मी आधी दिवा शोधला. नव्हता. शेवटी बारीक अक्षरात "साहाय्य" म्हणून माझं नाव होतं. मी तो अंक तुमच्या टेबलावर ठेवला आणि त्यानंतर "नमस्ते मॅडम" च्या पुढं तुमच्याशी बोलले नाही. मॅडम म्हटलं की तुमचा चेहरा पडायचा. मला बरं वाटायचं. आता नाही वाटत.

मग बाबा रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आई-बाबा गावाला गेले. मी लग्न होऊन इथंच, रुआबांध्याला. आजींच्या शेजारी दुसरं बिऱ्हाड आलं. एकदा चुलतबहिणीनं सांगितलं, तुमच्या त्या मॅडम अजून दर शनिवारी रिबेकाआजीकडं दिसतात. मी म्हटलं, असतील, अजून काही ओरबाडायचं राहिलं असेल.

दवाखान्यात मी आले होते तुम्हाला पाहायला, आठवतं? नळ्या लावलेल्या. मला वाटलं, आता तरी बाई ते म्हणतील. ते म्हणजे काय, तुम्हालाही माहीत आणि मलाही. तुम्ही विचारलंत, "तू शनिवारी जातेस का तिकडं?" मी "नाही" म्हटलं आणि लगेच मनात, पाहा, आताही हिला त्या घराचीच पडली आहे. तुम्ही म्हणालात, "जात जा गं." मी म्हटलं, "पाहीन." बस. आपलं शेवटचं बोलणं हेच, पाहीन.

शुक्रवारी गाठोडं सोडलं. मी वह्या मोजल्या, कसून तपासल्या, पानं फाडलेली आहेत का ते बोट फिरवून पाहिलं. एकही पान फाडलेलं नव्हतं. सगळ्यांत खाली एक वही होती, वर फक्त "शनिवार" लिहिलेली. तुमच्या हातचे तेच तीन रकाने. "पाहिलं" मध्ये मिनिटांसकट वेळा: रिबेकाबाई अंगणात, पलीकडं दिवा, रिबेकाबाई उठल्या. पुढच्या शनिवारी परत. पावसाळ्यात परत, हिवाळ्यात परत. एका शनिवारी दोघीही अर्धा तास उशिरा, कारण दोघीही एकमेकींसाठी थांबलेल्या.

आणि तिसरा रकाना भरलेला होता.

"सुनंदानं पाहिलं ते खरं आहे. खोडायला नको होतं."

पुढं एके ठिकाणी, "मी त्या दोघींवर हसले नव्हते. मला फार आवडलं म्हणून हसले. तिच्या आईला हसले असं तिनं घेतलं. आता कसं सांगू?"

बाई, हे वाचून मी काय केलं? शाई पाहिली. उजेडात धरून पाहिली, की ही वाक्यं आजारपणात मागाहून तर लिहिली नाहीत, मला पटवायला? तशीच जुनी, फिकी शाई होती. मला स्वतःची लाज वाटली आणि तुमचा रागही आला. स्टाफरूममध्ये एका टेबलाचं अंतर होतं हो आपल्यात. कसं सांगू म्हणजे काय? उठून यायचं आणि सांगायचं! आणि मी तरी कुठं उठले?

मग शेवटची पानं. आमचं क्वार्टर सुटल्यानंतरची. "पाहिलं: शेजारी आता ट्यूबलाइट. दिवसभर चालू. रिबेकाबाईंना कळत नाही. मी फाटक उघडून आत गेले तेव्हा त्या उठल्या." पुढच्या शनिवारी तेच, त्याच्या पुढच्या शनिवारी तेच. "ऐकलं: त्या म्हणाल्या, बाई आल्या की मला कळतं, झाली संध्याकाळ." आणि तिसऱ्या रकान्यात, तुमच्या त्या ठाशीव अक्षरात, "साक्ष मीच बिघडवली. आता सुनंदाचं म्हणणं छापायचं तर पुरावा काय देऊ? त्यांचा शनिवार आता माझ्यावर संपतो. लिहिता येत नाही, आणि जाणं बंदही करता येत नाही."

म्हणजे तुम्ही तिथं काही ओरबाडायला जात नव्हत्या. तुम्ही शनिवार संपवायला जात होत्या. नेहरू नगरहून सेक्टर दहाला, पाय सुजलेले असताना, दर आठवड्याला. आणि मी तुम्हाला "पाहीन" म्हणाले.

काल नाही, परवाचा शनिवार. मी दुपारपासून बेचैन. साडेपाचला नवऱ्याला म्हटलं, मी सेक्टर दहाला जाऊन येते. आजी अंगणात खुर्चीवर बसलेल्या. आता अगदीच वाळल्या आहेत. सामसनभाऊ ड्युटीवर. तुमच्याबद्दल त्या घरी कोणी कळवलेलंच नव्हतं, कळवणार कोण? ते काम माझं होतं. फाटक वाजलं तशा त्या खुर्चीचे दांडे धरून उठायला लागल्या.

"आल्यात बाई?"

"नाही आजी. मी सुनंदा."

त्या परत बसल्या. माझा हात चाचपून धरला. "किती वर्षांनी गो. बस. आज बाईंना उशीर झालाय."

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण शनिवार होता. शनवारी रडू नये. हे मी पाहिलेलं, ऐकलेलं, तुमच्या तिन्ही हंगामांत तपासलेलं. शनिवार संपल्याशिवाय मला सांगता येत नव्हतं, आणि तुम्ही आल्याशिवाय त्यांचा शनिवार संपत नव्हता. अशी मी तिथं अडकून बसले. शेजारची ट्यूबलाइट जळत होती. आजी अधूनमधून फाटकाकडं मान वळवायच्या. मग हळूच म्हणाल्या, "चांदण्या निघाल्या काय गो? बघ जरा. तीन पायजेत."

मी वर पाहिलं. नेमकं तेव्हाच प्लांटाकडं स्लॅग ओतलं असेल, अर्धं आभाळ लाल. एक पाण्याच्या टाकीच्या वर दिसली. एक मुनग्याच्या, म्हणजे तुमच्या शेवग्याच्या, झाडामागं, मान वाकडी केल्यावर. तिसरी मी शोधत राहिले. डोळे फाडून शोधली, बाई.

"तीन दिसल्या?"

"दिसल्या आजी."

"तू पाहिल्यास?"

"मी पाहिल्या."

त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही. उठल्या, चाचपत कुंडीपाशी गेल्या, सब्जाची दोन पानं तोडली. एक स्वतः हुंगलं, एक माझ्या नाकाशी धरलं. आत जाऊन स्टोव्ह पेटवला, चहाचं आधण ठेवलं. आणि माझ्याकडं पाठ ठेवूनच म्हणाल्या, "आता सांग. बाईंचं काय झालं ते."

"तू आलीस तेव्हाच मला कळलं होतं," म्हणाल्या. त्याही थांबल्या होत्या.

आम्ही दोघी त्या स्वयंपाकघरात फरशीवर बसून तुमच्यासाठी रडलो. चहा उतू गेला. पुढच्या शनिवारी मी येते असं मी त्यांना सांगितलं आहे, त्याच्या पुढच्याही.

घरी येऊन तुमची वही उघडली आणि तुमच्या शेवटच्या नोंदीखाली माझी पहिली नोंद केली. पाहिलं: दोन. सांगितलं: तीन. "सांगितलं" असा रकाना तुमच्या वहीत नाही, तो मी नवीन आखला, पट्टी न लावता. खोडायचा असेल तर या, बाई. शनिवारी संध्याकाळी मी तिथंच असते.

तुमची
सुनंदा